बटण कुणी दाबायचं

— नाही सिस्टर, आत्ता चालू करू नका ते मशीन. म्हणजे करा, तुमचं कामच आहे, पण जरा बसा आधी. त्याचा तो 'टिंग' आवाज नऊ दिवस झाले घरात नाही. आज वाजला तर मला वाटेल आतल्या खोलीत मरिया आहे. बसा. ती प्लास्टिकची खुर्ची नको, तिचा पाय तिरका आहे, ही घ्या. चहा? नाही म्हणणारच तुम्ही. पाणी तरी घ्या, ऊन काय कमी नाही बाहेर. आधीच्या सिस्टर घ्यायच्या चहा. चार महिने दर मंगळवारी यायच्या, घरच्यासारख्या झालत्या. बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणता? असू दे. बरंच झालं एका अर्थी. त्या आल्या असत्या तर मी पंप त्यांच्या हातात दिला असता, दार लावलं असतं, संपलं. तुम्ही नव्या. तुम्ही मरियाला बघितलेलं नाही, मला ओळखत नाही. परक्या माणसापुढं तोंड उघडतं, हे म्हातारपणी कळलं मला.

त्यात सगळं उतरलेलं असतं म्हणतात ना? कितीदा दाबलं, किती वाजता दाबलं, औषध गेलं की नाही — सगळं? हां. तेच विचारत होतो. ते ऑफिसात गेल्यावर कोण बघतं का वाचून? का नुसतं पुसून टाकतात? — पुसतात. बरं. पुसू द्या मग. पण तुम्ही आता चालू केलं की तुम्हाला दिसणार, आणि तुम्ही हुशार दिसता, तुमच्या लक्षात येणार की झोपलेलं माणूस बटण कसं दाबेल. म्हणून म्हणलं, माझ्या तोंडूनच ऐका.

मरिया शाळामास्तरीण होती, सिस्टर. एकतीस वर्षं चौथीचा वर्ग. या बोल्हेगावात निम्म्या लोकांनी तिच्या हातची छडी खाल्लीय, आणि मातीला सगळे आलते, छडी खाल्लेले जास्त. मी खर्ड्याकडचा, नागापूरला कंपनीत लागलो, बोलायला अगदीच गावठी. 'हाय', 'न्हाई', 'व्हय'. लग्न झाल्यावर तिनं माझंही चौथीचं पोर केलं. 'आहे म्हणा. नाही म्हणा.' चाळीस वर्षं सुधारत होती, आता जरा कुठं सुधारलो. तर तिला छातीचा कॅन्सर झाला, काढला, सहा वर्षं चांगली गेली. आणि मागच्या पावसाळ्यात खुब्यात कळ सुरू झाली. आम्ही म्हणलं वात असेल. वात कसला — हाडात उतरलं होतं, खुब्याच्या आणि माकडहाडाच्या. बरं होणार नाही म्हणले डॉक्टर, पण कळ तरी थांबवू. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी कळ थांबायची पण मरियाच थांबायची हो — नुसती पडून, तोंड उघडं, नाव विचारलं तर शाळेचं नाव सांगायची. ती म्हणाली मला हे नको. मग डॉक्टरांनी पाठीच्या कण्यापाशी ती केसासारखी नळी बसवली आणि हा पंप दिला. वॉकमनएवढा. म्हणले, औषध कमरेच्या खालीच काम करणार, डोकं साफ राहणार. थोडं थोडं आपोआप जात राहील, आणि कळ वाढली की बाईंनी स्वतः बटण दाबायचं, तेवढ्यापुरतं जास्त जाईल. लगेच परत दाबलं तर जाणार नाही, अर्धा तास थांबावं लागेल. मला वाटलं, काय डोकं लावलंय माणसानं! ज्याची कळ, त्याच्या हातात बटण.

आणि हे मला नवीन नव्हतं, सिस्टर. मी सव्वीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली. पत्रा ठेवायचा, दणका बसायचा, भांडं निघायचं. त्या प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय दणका बसत नाही. का? — तर तुमचे दोन्ही हात बटणावर असले म्हणजे डायमध्ये, त्या खालच्या साच्यात, नाहीत. आमच्यातला अंगद म्हणून एक होता, डायमध्ये अडकलेला पत्रा काढत होता, आणि शेजारच्यानं त्याला मदत म्हणून — मदत म्हणून हं — बटणं दाबली. चार बोटं. तेव्हापासून नवीन माणूस लागला की मी त्याला पहिल्या दिवशी उभा करून सांगायचो, ज्याचा हात डायपाशी, बटण त्याचंच. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, देव आला तरी. मी सांगायचो. मी. शांतवनमामा सांगतो ते बरोबर, म्हणायचे सगळे. आणि डॉक्टरांनी तेच सांगितलं. 'काका, बटण फक्त त्यांनीच दाबायचं, घरच्यांनी नाही.' मी हसलो. म्हणलं, डॉक्टर, हे मला सांगता?

पण ती दाबायचीच नाही. आता काय करायचं? दाबलं की कळ जायची हे खरं, पण पाय जड व्हायचे तास-दीड तास, मातीनं भरल्यासारखे, उभं राहता यायचं नाही. आणि मरियाला जायचं असायचं मोरीपर्यंत. बस. एवढंच होतं तिचं. पलंगापासून मोरी अकरा पावलं, वॉकर धरून. लघवीला, अंघोळीला स्वतःच्या पायांनी जायचं, आतनं कडी लावायची. मी म्हणलं अगं मी भांडं देतो, नवरा आहे तुझा. तर म्हणाली, 'अहो, नवरा आहात म्हणूनच नको. दवाखान्यातली बाई असती तर घेतलं असतं भांडं.' त्या अकरा पावलांसाठी ती दिवसभर कळ काढायची. सकाळी एकदा दाबायची, रात्री एकदा. मधे नाही.

आणि कळ आली की पाढे म्हणायची. तुम्ही हसाल. मास्तरीण ना! विव्हळायची नाही, पाढे म्हणायची, हळू आवाजात. मला बाहेरच्या खोलीतनं कळायचं कितपत दुखतंय ते. पाचा-सहाचा पाढा असला तर ठीक आहे. तेराचा सुरू झाला की मी पेपर खाली ठेवायचो. आणि सतराचा, एकोणीसचा... 'एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न' — तुम्ही कधी ऐकलंय एखादं माणूस एकोणतीसचा पाढा दातांवर दात ठेवून म्हणताना? कधी चुकायची नाही. एकदा तरी चुकायला पाहिजे होती. मी कानावर उशी घेऊन बसलोय, खरं सांगतो. देवळात, आमच्या चर्चमध्ये, बसून बसून मला वाटायचं माणूस दुसऱ्याचं दुःख बघून मऊ होतं. नाही होत. चिडचिड होते. मला तिचा राग यायचा. हातात बटण आहे ना बाई तुझ्या? दाब की! दाब आणि गप्प हो!

एका दुपारी तिला डोळा लागला आणि झोपेत कपाळाला आठ्या, ओठ हलताहेत. बटण उशीपाशी पडलं होतं. मी दाबलं. टिंग. दहा मिनिटांनी आठ्या गेल्या. सिस्टर, चेहरा असा झाला — लग्नातल्या फोटोतला. मी तिथंच बसून रडलो. म्हणलं यात वाईट काय केलं? नंतर सवयच लागली. ती झोपली की दाबायचं. तिला जाग येईपर्यंत पाय बऱ्यापैकी हलके झालेले असायचे, थोडे जड असले तर म्हणायची झोपून मुंग्या आल्या. आणि म्हणायची, 'अहो, आज कळ नाही हो. मी दाबलंपण नाही.' मी म्हणायचो, बरं झालं.

इथं थांबलं असतं तर — पण थांबलं नाही ना. मरियाला वाटलं प्रार्थनेचं फळ आहे. वाटणारच. पाळकसाहेब दर गुरुवारी यायचे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. त्यांना तिनं सांगितलं, बटण न दाबता कळ जाते. त्यांचे डोळे भरून आले. रविवारी उपासनेत तिच्या नावानं साक्ष सांगितली त्यांनी, आपल्या मंडळीतल्या मरियाबाई, शिक्षिका, प्रभूनं त्यांची वेदना उचलून घेतली. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मी तिसऱ्या बाकावर होतो. मीही म्हणलं आमेन. काय करणार होतो? उभं राहून सांगायचं, प्रभू नाही हो, मी हाय तो?

बघा, परत 'हाय' आलं तोंडात.

आणि दुसरं एक. मंगळवारी तुमच्या त्या सिस्टर आल्या, मशीनवरचे आकडे लिहून घेतले, म्हणल्या मावशी दिवसात सात-आठदा दाबतात की. मरियाला वाटलं त्या चुकून दुसऱ्या कुणाचं वाचताहेत. ती म्हणाली, 'मी कुठं दाबते, दोनदा फक्त.' सिस्टर माझ्याकडं बघून हसल्या, पेशंटच्या लक्षात राहत नाही अशा अर्थानं. आणि मी — मी मान हलवली. व्हय, राहत नाही तिच्या लक्षात, असं. एकतीस वर्षं पाढे शिकवलेल्या बाईच्या लक्षात राहत नाही! ते आकडे डॉक्टरांकडं गेले, डॉक्टर म्हणले कळ फार आहे, डोस वाढवू. वाढवला. मी दाबलेल्या आकड्यांवर वाढवला. तिला त्यातलं काही नको होतं.

तो गुरुवार. पाळकसाहेब सकाळीच येऊन गेलते. जेवण झालं, ती म्हणाली, 'चार वाजता अंघोळ करीन, तोवर मी बटणाला हात लावणार नाही. उठले की हाक मारीन, वॉकर तेवढा पुढं द्या.' बरं म्हणलं. ती झोपली. आणि सिस्टर, मी सगळ्यांना सांगितलंय की तिला झोपेत फार कळ येत होती. मघाशी तुम्हालाही तेच सांगणार होतो. नव्हती येत. शांत झोपली होती. पोटावर हात ठेवून, घोरत होती बारीक. मी तिच्याकडं बघितलं आणि मनात आलं — ही आता उठणार, आणि सुरू करणार. सतरा एके सतरा. मला एक तास पाहिजे होता. कोपऱ्यावर अजिनाथची टपरी आहे, तिथं आमचे चार रिटायर लोक बसतात, तीन आठवडे मी गेलो नव्हतो. म्हणलं आत्ता दाबून ठेवतो, म्हणजे उठली तरी पाय जड असतील, पडून राहील गप, पाढा नाही, काही नाही, तोवर मी येतो. म्हणजे ऐका नीट — मला माहीत होतं पाय जड होतील ते. म्हणूनच दाबलं. बांधून ठेवल्यासारखं. तीन वाजून दहा मिनिटं. तुमच्या मशीनमध्ये आहे ते.

टपरीवर काय बोलत होतो ते आठवत नाही. चहा दोनदा घेतला. हसलो पण असेन.

पावणेपाचला आलो. मोरीच्या उंबऱ्यापाशी पडली होती. वॉकर आडवा, टॉवेल खांद्यावर. एक पाय असा — माणसाचा पाय वळतो त्याच्या उलट्या बाजूला. आणि ओरडत नव्हती. विव्हळत नव्हती. मांडीचं हाड मोडलं होतं, सिस्टर, आणि तिला कळ नव्हती. इतकं छान काम करत होतं औषध. वर बघितलं माझ्याकडं आणि म्हणाली, 'अहो, मी चारदा हाक मारली. मग म्हणलं जाऊ आपण. मी बटण नव्हतं दाबलं हो. मग माझे पाय कुठं गेले?'

मी म्हणलं, आजारच तसा आहे.

दवाखान्यात नेलं. हाड आतनं पोखरलेलं, ऑपरेशन करून रॉड धरणार नाही म्हणले. घरी आणलं. लघवीची नळी, डायपर, जे जे तिला नको होतं ते सगळं. एंजल, आमची मुलगी, पुण्याहून धावत आली. तिनं पहिलं विचारलं, पप्पा, तुम्ही कुठं होता? मी म्हणलं, मागं कपडे वाळत घालत होतो, ऐकू आलं नाही. पलंगापाशी उभा राहून म्हणलं, मरियासमोर. मरिया माझ्याकडं बघत राहिली. कपडे तर तिच्या पायथ्याशीच पडले होते, बादलीत, त्या गुरुवारच्या सकाळपासून. तिला दिसत होते. एंजलला म्हणाली, 'जा बाई, हातपाय धू, प्रवासातनं आलीस.'

मग सतरा दिवस होती. त्या सतरा दिवसांत एकदा पाढा म्हणली नाही. पाळकसाहेब आले तर तोंड भिंतीकडं केलं. ते हात ठेवायला गेले तर म्हणाली, नको. ते गेल्यावर मला विचारलं — तिला बोलायला धाप लागायची — 'कळ घेतली ती त्यानंच ना? मग पाय का घेतले? मी कुठं जात होते? मोरीपर्यंतच ना?' त्या वेळेला सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंपण होतं मी. म्हणलं, मरिया. ती म्हणाली काय? म्हणलं, पाणी देऊ का? माझं केलेलं मी देवाच्या अंगावर घातलं, आणि ते तिथंच राहू दिलं. तो काय, बोलत नाही.

शेवटचे तीन-चार दिवस तिला बटण दाबायची ताकद नव्हती. अंगठा सरकायचा नुसता. एका सकाळी मी उशी नीट करत होतो, तिनं बटण माझ्या हातात दिलं. माझी बोटं त्याच्यावर मिटवली, एक एक करून, लहान पोराला पेन्सिल धरायला शिकवतात तशी. आणि म्हणाली, 'तुम्हीच दाबा.' बस. एवढंच. आता तुम्ही सांगा, तिला कळलं होतं का? म्हणजे ताकद नाही म्हणून म्हणाली, का — तिला माहीत होतं म्हणून? आवाजावरनं काही समजलं नाही. रागावली असती तर समजलं असतं. मी नऊ दिवस हेच घोकतोय. तिला कळलं असेल तर ती मला ओळखून गेली, मी काय माणूस हाय ते. आणि कळलं नसेल तर ती देवावर रुसून गेली, जन्मभर ज्याचं केलं त्याच्याकडं पाठ करून. दोन्हीतलं बरं कुठलं? मला तर ठरवता येईना. कधी म्हणतो कळलेलं असू दे, निदान देव तरी सुटला. लगेच वाटतं नको, नको, कळलेलं नसू दे. बघा — अजूनसुद्धा मी मलाच वाचवतोय.

न्हाई, तुमी बोलू नका. तुम्ही म्हणाल काका, आजारानं गेल्या, आज ना उद्या जाणारच होत्या. डॉक्टर पण तेच म्हणले. खरं आहे. जाणारच होती. पण मोरीपर्यंत चालत जाऊन आली असती त्या दिवशी.

हा पंप आता कुणाकडं — संगमनेर? बाईच आहे? घरात कोण? नवरा. हं. त्याला सांगा म्हणणार होतो. पण काय सांगणार? मला सांगितलंच होतं की. आणि मी तर दुसऱ्यांना सांगणारा माणूस होतो. सांगितल्यानं काही होत नाही हो. दहा-बारा दिवस तो पण हसेल, मला हे सांगता म्हणेल. मग ती बाई तिच्या परीनं काहीतरी म्हणायला लागेल, कुणी अभंग म्हणेल, कुणी आईला हाका मारील, आणि त्याला ऐकवणार नाही.

हे काय? सही? कुठं — इथं, बरं. चष्मा... थांबा. 'उपकरण चालू स्थितीत परत मिळाले.' बरोबर. 'बटणाचा वापर फक्त रुग्णाने केला' — होय, नाही. तुम्ही 'होय'वर खूण करूनच आणलीय. ऑफिसातनंच सगळ्यांच्या करून आणता वाटतं. न्हाई, राहू द्या. अहो खोडू नका! खोडलं की कुणीतरी विचारणार, विचारलं की एंजलला फोन जाणार, कागदावर तिचाच नंबर हाय. आता तिला आई न्हाई, बाप तरी राहू द्या. पेन द्या इकडं. ही घ्या सही.

मशीन तिकडंच जाऊन चालू करा. पिशवी नीट धरा, वायर लोंबतीय. चप्पल त्या बाजूला आहे तुमची. — 'येते' कशाला म्हणता? इथं आता कुणाकडं येणार तुम्ही. जाते म्हणा. जा.